सह्याद्री बोगद्यातून ओलांडू नका : नागपूरच्या भूगोल शिक्षकांना खुले पत्र

नागपुरातील शाळांमध्ये भूगोल शिकवणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांस आणि सहलींचे नियोजन करणाऱ्या मुख्याध्यापकांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी संपली की आपल्या शहरातील शाळांमध्ये सहलीच्या सूचना निघू लागतात आणि आठवी-नववीच्या वर्गांसाठी रायगड, अलिबाग, मुरूड, मालवण ही नावे दरवर्षी फिरून फिरून येतात. यंदा शेजारच्या मुलीने तिच्या शाळेची सूचना मला वाचायला दिली. पहाटे पाचला बसने निघायचे, समृद्धी महामार्गाने दुपारपर्यंत मुंबईच्या वेशीशी पोहोचायचे, दुसऱ्या दिवशी घारापुरी, मग अलिबाग, आणि आल्या वाटेने परत, असा बेत होता. सूचनेच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘सह्याद्री व कोकण, भौगोलिक सहल’. तीस वर्षांहून अधिक काळ या शहरात भूगोल शिकवून मी निवृत्त झालो, पण लाल शाईचे पेन अजून खिशात असते, म्हणून हे पत्र. ज्या सहलीचे नावच सह्याद्री आहे, त्या सहलीतली मुले सह्याद्री ओलांडतील तेव्हा त्यांची बस इगतपुरी आणि कसारा यांच्यामधल्या सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात असेल. मुलांना बोगद्यातले दिवे मोजता येतील. सह्याद्री मात्र दिसणार नाही.

रस्त्याविषयी माझी तक्रार नाही. ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग जून २०२५ मध्ये शेवटच्या टप्प्यासह खुला झाला आणि आजारी माणसाला किंवा संत्र्याच्या गाडीला तो लवकर पोहोचवतो, हे चांगलेच आहे. परंतु भूगोल शिकायला निघालेल्या मुलांना लवकर पोहोचण्याची घाई नसते, आणि आपण त्यांना जे शिकवतो त्याचा सर्वांत मोठा पुरावा नेमका त्या आठ किलोमीटरच्या डोक्यावर उभा आहे.

यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती आधी सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही पंचेचाळीस मुलांना घेऊन रेल्वेने मुंबईला निघालो होतो. सकाळी गाडी इगतपुरीला थांबली, ब्रेकची तपासणी होईपर्यंत मुलांनी फलाटावर वडापाव खाल्ले, आणि मग गाडी हळूहळू घाटात शिरली. बोगदा, लगेच दरी, पुन्हा बोगदा. तापलेल्या ब्रेकचा करपट वास डब्यात येऊ लागला. खिडकीला नाक लावून बसलेली आठवीतली एक मुलगी वळून मला म्हणाली, “सर, आपण आता घाट उतरतोय ना? मग चढलो कधी?” मी उत्तर दिले की रात्री तुम्ही झोपल्या होत्या तेव्हा चढलो. सगळा डबा हसला. ती हसली नाही. तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चुकीचे होते, हे मला घरी परतल्यावर नकाशा उघडून बसलो तेव्हा कळले.

आकडे अगदी साधे आहेत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. गाडी वऱ्हाडातून तापीच्या खोऱ्यात उतरते तेव्हा भुसावळला ही उंची सुमारे २१० मीटर होते. तिथून इगतपुरीपर्यंत तीनशेहून थोडे अधिक किलोमीटर जाताना ती जेमतेम ४०० मीटर चढते, म्हणजे दर किलोमीटरला दीड मीटरसुद्धा नाही. एवढा चढ जाग्या माणसालाही कळत नाही, झोपलेल्या मुलीला कुठून कळणार? इगतपुरीहून कसाऱ्याला मात्र ती सोळा-सतरा किलोमीटरमध्ये जवळपास ३०० मीटर खाली येते. तिथे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर उतार, असे लोहमार्गाचे गणित आहे आणि म्हणूनच उलट्या दिशेने येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिने लावावी लागतात. त्या मुलीला द्यायचे उत्तर असे होते : “बाळ, आपण डोंगर चढलोच नाही. आपण पठारावरच राहत होतो, आणि आज सकाळी त्याच्या कडेवर आलो.”

हे उत्तर आपल्या वर्गांमध्ये दिले जात नाही. फळ्यावर आपण महाराष्ट्राच्या डाव्या बाजूला उत्तर-दक्षिण एक सुरवंट काढतो आणि त्याखाली ‘सह्याद्री पर्वत’ असे लिहितो. शाळेच्या कुंपणभिंतीवर नकाशा रंगवणारा पेंटर तर त्याला दोन्ही बाजूंनी सारखाच उतार देतो, हिमालयासारखी टोके काढतो, आणि समुद्रातली बेटे त्याच्या ब्रशच्या मानाने लहान असल्यामुळे सोडून देतो. नागपूरच्या मुलाच्या मनात त्यामुळे अशी समजूत बसते की सह्याद्री नावाचा एक परका, उंच डोंगर फार दूर पश्चिमेला आहे, तो पुण्या-नाशिकवाल्यांचा आहे, आणि आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही. वास्तविक कोकणातून वर पाहणाऱ्याला जो डोंगर दिसतो, तो पूर्वेकडून येणाऱ्याला पुष्कळ ठिकाणी पठाराचा काठ म्हणूनच भेटतो. कळसूबाई (१६४६ मीटर), साल्हेर (१५६७ मीटर) किंवा हरिश्चंद्रगड (१४२४ मीटर) ही शिखरे पठाराहून वर उरलेली आहेत हे खरे, पण तीही कोणी खालून उचललेली नाहीत. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि ती मागे राहिली.

काळा खडक आला कसा, हे आपण पाठ करून घेतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वाहिला, एकावर एक थर साचले, आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर तो बसाल्ट पसरलेला आहे. त्याला ट्रॅप म्हणतात, कारण स्वीडिश भाषेत पायरीला ‘ट्रापा’ म्हणतात, आणि घाटातल्या कोणत्याही कड्याकडे पाहिले तर थरांच्या पायऱ्या स्पष्ट मोजता येतात. पश्चिमेकडे या थरांची एकूण जाडी फार मोठी आहे. एकट्या महाबळेश्वरच्या परिसरात हजार मीटरहून अधिक जाडीचे थर उघड्यावर दिसतात. पूर्वेकडे ही चादर विरत विरत येते आणि तिचा काठ आपल्या शहराखालून जातो. नागपूरच्या पश्चिमेला ट्रॅप, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. राज्यातल्या किती शहरांना असा सीमेवरचा भूगोल फुकट मिळाला आहे? सेमिनरी हिल्सवरचा काळा, बारीक भोकांचा दगड हातात घ्या. ती भोके थंड होणाऱ्या लाव्ह्यातून निघू पाहणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांची आहेत. बर्डीची, म्हणजे सीताबर्डीची, टेकडी याच खडकाची आहे. त्यावरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे वर्षातले मोजके दिवसच आत जाता येते, परंतु टेकडीला वळसा घालताना खडक दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही. तिथून बस रामटेककडे न्या. कन्हान ओलांडून मनसरपर्यंत गेल्यावर काळा दगड संपलेला असतो, मँगनीजच्या खाणी लागतात, आणि रामटेकच्या गडाचा खडक बर्डीच्या खडकाशी कोणतेच नाते सांगत नाही. पन्नास किलोमीटरच्या आत सह्याद्रीच्या खडकाचे पूर्वेकडचे टोक मुलांनी पायाखाली अनुभवलेले असते.

पश्चिमेचे टोक तुटले कसे, हा दुसरा अर्धा भाग आहे. लाव्ह्याचे हे महापूर वाहिले त्याच सुमारास भारताचा पश्चिम काठ ताणला गेला आणि सेशेल्सची बेटे ज्या भूखंडावर आहेत तो भाग आपल्यापासून वेगळा झाला. काठाजवळचा प्रदेश खचला. मुंबई-पनवेलच्या बाजूला लाव्ह्याचे थर आडवे नसून समुद्राकडे कललेले दिसतात, ती त्याच उलथापालथीची खूण होय. उरलेल्या पठाराची कड पाऊस आणि नद्या यांनी कोट्यवधी वर्षे कुरतडत पूर्वेकडे मागे सारली, आणि तिच्या पुढ्यात जी सखल पट्टी मोकळी झाली ती कोकण. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहताना पायांत गोळे येतात, ते या मागे सरकण्याचे आजचे ठिकाण आहे, एवढे जरी मुलाला कळले तरी सहलीचा खर्च वसूल झाला असे मी समजेन.

आता बेटांकडे येतो, कारण आपल्या सहलींमध्ये त्यांचा इतिहास सांगितला जातो आणि भूगोल बसमध्येच राहतो. शेवटच्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या वेळी घारापुरी हे बेट नव्हते. कोकणातली ती एक टेकडी होती आणि तिच्याभोवती कोरडी जमीन होती. बर्फ वितळले, पाणी चढले, दऱ्यांच्या खाड्या झाल्या आणि टेकड्यांची बेटे झाली. मुंबईची कुलाबा, लहान कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे अशीच पाण्यातून डोके वर काढून होती, आणि अठराव्या शतकापासून माणसाने मधल्या खाड्या बुजवून ती पुन्हा एकमेकांना जोडली. म्हणजे समुद्राने जे वेगळे केले ते आपण भराव टाकून जोडले. मधल्या काळातला भूगोल मात्र दर पावसाळ्यात सखल भागांत तुंबलेल्या पाण्याने स्वतःची आठवण करून देतो.

घारापुरीची लेणी पाहताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : एवढी प्रचंड मूर्ती अखंड दगडात कोरायची तर दगड कसा लागेल? भेगा कमी असलेला, जाड, एकसंध थर लागेल. कारागिराने आधी खडक पारखला आणि मग छिन्नी उचलली. त्याच बेटावर २०१८ मध्ये समुद्रतळाखालून टाकलेल्या केबलने वीज पोहोचली, हेही सांगा. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना तिथली माणसे इतकी वर्षे जनित्रावर काढत होती, ही बेटाच्या भूगोलाची दुसरी बाजू आहे. खांदेरी बेटावरचा किल्ला १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, कारण तिथून मुंबई बंदराच्या तोंडावर नजर राहते, आणि मुंबईच्या इंग्रजांना ते सहन झाले नाही. तिथे एक शिळा आहे, ती दुसऱ्या दगडाने ठोकली की भांड्यासारखी वाजते. मुलांना बाकी काही आठवले नाही तरी ती आठवते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत साल्हेर, राजगड, रायगड हे डोंगरी किल्ले आहेत आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे बेटांवरचे आहेत. कडा आणि बेट हा एकच संरक्षणाचा विचार होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांच्या दोन वेगळ्या विषयांमध्ये विभागले गेल्यामुळे मुलांच्या ध्यानात येत नाही.

नागपूरशी या बेटांचे सर्वांत जवळचे नाते वरळीच्या टेकडीत आहे. लाव्ह्याचा एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई. त्या काळात खोलगट जागी तळी साचत, गाळ बसे, आणि पुढच्या लाव्ह्याखाली तो गाळ जिवंतपणाच्या खुणांसह गाडला जाई. वरळीच्या अशा थरात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले. आपल्या नागपुरातल्या टाकळीच्या थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. दोन्ही ठिकाणांचे वय सारखे नाही, मुंबईचे थर मागाहूनचे आहेत. तरी प्रक्रिया तीच आहे. टाकळीचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोळा करून जगापुढे मांडले ते स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या स्कॉटिश मिशनऱ्यांनी. ज्याच्या नावाच्या कॉलेजसमोरून आपण रोज जातो, तो हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आला आणि १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून वारला.

तो ज्या देशातून आला त्या स्कॉटलंडच्या वायव्येला डोंगराळ हायलँड्स आणि समोर हेब्रिडीज बेटे आहेत. तुलनेसाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तिथली स्काय आणि मल ही बेटे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिक महासागर उघडताना वाहिलेल्या बसाल्टची आहेत. त्यांच्या उतारांवरही आपल्यासारख्याच पायऱ्या आहेत, आणि स्टाफा बेटावर बसाल्टचे षट्कोनी खांब उभे आहेत, तसे आपल्याकडे अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर आहेत. बाहेरच्या हेब्रिडीज बेटांचा खडक मात्र तीनशे कोटी वर्षांपर्यंत जुना आहे. तिथे हिमनद्यांनी दऱ्या खरवडल्या, इथे पावसाने; पण समुद्र चढला आणि उंचवट्यांची बेटे झाली, हे दोन्हीकडे घडले. हिस्लॉपला बर्डीची टेकडी पाहून स्वदेशातल्या या बेटांची आठवण झाली असेल का, हा माझा केवळ एक विरंगुळ्याचा प्रश्न आहे.

मालवणपर्यंत जाणाऱ्या शाळांसाठी एक खास गोष्ट राखून ठेवली आहे. दक्षिणेकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात ट्रॅपची चादर पुन्हा विरते आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला तिच्याखालचे जुने खडक उघडे पडतात. म्हणजे राज्याच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांमध्ये, पूर्व विदर्भात आणि तळकोकणात, काळा दगड संपतो. रामटेक पाहिलेला मुलगा मालवणच्या किनाऱ्यावर उतरला की त्याला हे ओळखता आले पाहिजे. कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गात खाऱ्या समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी का आहेत, यावर तर अख्खा तास जाऊ शकतो. जंजिऱ्याबद्दल मी काही सांगत नाही, त्याच्याबद्दल सगळेच सांगतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. तिथे मुलांना नेऊ नये, किनाऱ्यावरूनच दाखवावे.

पाण्याचा धडा घाटमाथ्यावरच घ्यावा. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. अहिल्यानगर आणि सोलापूर त्याहून कोरडे. मग समुद्रापासून त्यांच्याहून दूर असलेल्या नागपूरला सुमारे १,१०० मिलिमीटर कसा पडतो? कारण तोपर्यंत बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टे आपल्या मदतीला आलेले असतात. हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात, फक्त त्यांना घाट आणि घर ही दोन्ही ठिकाणे एका नकाशावर दिसली पाहिजेत. पठार पूर्वेला कललेले असल्यामुळे इगतपुरीपासून जवळच असलेल्या ब्रह्मगिरीवर पडलेला थेंब ऐंशी किलोमीटरवरचा अरबी समुद्र सोडून गोदावरीबरोबर १,४६५ किलोमीटरचा प्रवास करतो. आपली नाग नदी वाडीजवळच्या लावा गावच्या टेकड्यांतून निघते (गावाचे नाव हा निव्वळ योगायोग आहे, मुले हसतात, हसू द्यावे), कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. सह्याद्रीच्या कडेवरचे पाणी आणि अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून नाग नदीत उतरलेले पाणी तिथे एका पात्रात येते. यानंतर सह्याद्री परक्यांचा डोंगर राहील का?

एवढ्यासाठी माझी विनंती फार मोठी नाही. जाताना मुलांना रेल्वेने न्या, घाट दिवसाउजेडी येईल अशी गाडी निवडा, आणि बसनेच जायचे असेल तर इगतपुरीला महामार्ग सोडून जुन्या कसारा घाटाने उतरा. परतताना बोगदा वापरायला हरकत नाही, उलट दोन्ही वाटा पाहिल्याने मुलांना आपण कशाच्या पोटातून आलो ते कळेल. तासभर जास्त लागेल, पालकांना तसे आधी लिहून कळवा. इगतपुरीला उतरून त्यांना पूर्वेकडे आणि मग पश्चिमेकडे पाहायला लावा आणि काही सांगण्याआधी दोन मिनिटे गप्प राहा. वहीत सुरवंट काढायला लावू नका. नागपूर, भुसावळ, इगतपुरी, कसारा आणि घारापुरी यांची उंची घेऊन एक छेदरेषा काढायला लावा. आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात सेमिनरी हिल्सच्या पायथ्याचा मूठभर काळा दगड एका मुलाच्या दप्तरात ठेवा. घारापुरी हे संरक्षित स्मारक असल्यामुळे तिथला दगड उचलून आणता येणार नाही, तेव्हा आपला दगड तिथल्या भिंतीशेजारी धरून पाहा, भोके आणि रंग ताडून पाहा, आणि तो तसाच परत आणून वर्गातल्या कपाटात ठेवा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, नागपूर